गर्भाशयातली गाठ हृदयापर्यंत पोचते तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

फायब्रॉइडच्या गाठी आपल्याकडे घरोघरी माहीत आहेत. कुणाला पाळीत फार रक्त जातं, कुणाचं ओटीपोट दुखतं, तर कुणाला काहीच त्रास नसतो, सोनोग्राफीतच गाठ दिसते. ही गाठ कॅन्सरची नसते आणि बहुतेक जणींच्या बाबतीत गर्भाशयातच राहते. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं ऐकून कुणी घाबरणार नाही.

फार क्वचित अशी साधी गाठ शिरेत शिरते. या आजाराचं नाव इंट्राव्हेनस लायोमायोमॅटोसिस. गर्भाशयाच्या किंवा बीजाशयाच्या शिरेतून ती आतल्या आत लांबत पोटातल्या महाशिरेत येते आणि तिथून हृदयाच्या उजव्या कप्प्यात. पेशी साध्या स्नायूच्याच, वाढ मात्र दोरासारखी. बऱ्याचदा ती शिरेच्या भिंतीला चिकटलेलीही नसते, रक्तात मोकळी हलते. १८९६ साली बिर्श-हिर्शफेल्ड यांनी या आजाराचं वर्णन केलं. १९०७ साली ड्यूर्क यांनी तो हृदयापर्यंत गेल्याची नोंद केली.

गाठ हृदयात पोचली की धाप लागते, पायांवर सूज येते, भोवळ येऊन बाई पडते. हृदयाच्या झडपेचा रस्ता अडला तर जीवही जाऊ शकतो. टू-डी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयात काहीतरी हलताना दिसतं आणि ती रक्ताची गुठळी किंवा हृदयातलीच गाठ वाटते. गुठळी समजून रक्त पातळ करायच्या गोळ्या दिल्या, तर ही गाठ त्यांनी विरघळत नाही.

इथे आपली एक सवय आड येते. माझ्याकडे निफाड-दिंडोरीकडच्या बायका तपासायला येतात. मी विचारते, "आधी काही ऑपरेशन झालंय का?" "नाही मॅडम." तपासताना पोटावर जुना व्रण दिसतो. "अहो, हे काय?" "ते होय, ते पिशवीचं. त्याला बरीच वर्षं झाली." छातीच्या दुखण्याशी पिशवीचा काय संबंध, असंच त्यांना वाटतं. पण या आजाराच्या कितीतरी रुग्णांची आधी गाठ किंवा पिशवी काढलेली असते. म्हणून बायांनो, हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलात तरी ते ऑपरेशन सांगा. डिस्चार्ज कार्ड आणि बायोप्सीचा रिपोर्ट जपून ठेवा. घर बदललं, सिडकोतून पंचवटीला गेलात, तरी ती फाईल रद्दीत जाऊ देऊ नका.

संशय आला की सीटी स्कॅन किंवा एमआरआय करून गाठ कुठून कुठवर गेली आहे ते पाहतात. उपाय शस्त्रक्रियाच. स्त्रीरोगतज्ज्ञ, रक्तवाहिन्यांचे आणि हृदयाचे सर्जन मिळून ती करतात. हृदयातला भाग काढताना बहुतेकदा हार्ट-लंग मशीन लागतं, म्हणजे तेवढा वेळ हृदय-फुप्फुसांचं काम करणारं यंत्र. कधी सगळं एकाच वेळी होतं, कधी दोन टप्प्यांत. ही गाठ बीजाशयात तयार होणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकावर (हार्मोनवर) पोसते, म्हणून बऱ्याचदा बीजाशयही काढतात. तुकडा मागे राहिला तर ती पुन्हा वाढू शकते. त्यामुळे बरं वाटलं तरी डॉक्टर सांगतील तितकी वर्षं तपासणीला जात राहा.