पिशवीतल्या गोळ्या

(दृश्य: ओपीडीबाहेरचा बाक. काकूंच्या चेहऱ्यावर कॅमेरा.)

नागपुरात 'मेडिकल' म्हटलं की ऑटोवाला दुसरा प्रश्न विचारत नाही. 1947 साली सुरू झालेल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या या रुग्णालयात बाकावर सकाळपासून एक काकू बसल्या आहेत. सुपारी चघळावी तसं त्यांचं तोंड चाललंय. तोंडात सुपारी नाही. मध्येच जीभ बाहेर येते, ओठ मुडपतात. काकू पदर तोंडावर ओढतात.

आत गेल्यावर पहिला प्रश्न ठरलेला. घरात कोणाला होतं का असं?

"नाही जी, कोणालेच नाही."

घराण्यात नाही म्हटलं की शेजारपाजारचे 'बाहेरचं बघा' म्हणतात. अंगारे, गंडेदोरे सुरू होतात. त्यात जाणाऱ्या महिन्यांची हळहळ वाटते, कारण घराण्यात नसलेल्या या हालचालींची कित्येक कारणं वेळेत सापडली तर आटोक्यात येतात.

(दृश्य: टेबलावर उलटी केलेली प्लास्टिकची पिशवी. गोळ्यांची पाकिटं.)

डॉक्टर म्हणतात, सगळ्या गोळ्या दाखवा. बीपीची, गुडघ्याची, आणि ही ॲसिडिटीची कॅप्सूल. रोज सकाळी उपाशीपोटी, दोन वर्षं, दुकानातून परस्पर आणलेली. तिच्यात आम्ल कमी करणाऱ्या औषधाबरोबर लेव्होसल्पिराइडही आहे. ते मेंदूतल्या डोपामिनचं, म्हणजे हालचालींचे निरोप पोचवणाऱ्या रसायनाचं काम अडवतं. उलटी थांबवणारं मेटोक्लोप्रमाइड आणि मानसिक आजारांवरची काही औषधंही तेच करतात. महिनोन्‌महिने हे चाललं की तोंड, जीभ, बोटं आपल्या मनाने हलू लागतात. वयस्क बायकांना धोका जास्त. गोळी बंद केल्यावरही हालचाल बरेच महिने रेंगाळते, काहींची जातच नाही. म्हणून लवकर ओळखायचं. पण मानसिक आजारावरची गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. त्याने मोठं नुकसान होतं.

एकाच बाजूचे हातपाय अचानक उसळू लागले, तर आधी साखर तपासतात. ती फार चढली की मेंदूच्या खोल भागात, हालचालींना लगाम घालणाऱ्या केंद्रांत बिघाड होतो. साखर उतरली की बहुतेकांचा हात शांत होतो. असाच झटका पक्षाघातानेही येतो, त्यामुळे वाट बघत बसायचं नाही.

शाळकरी मुलीच्या हातून पेन्सिल निसटते, अक्षर बिघडतं, बाई रागावतात. काही आठवड्यांपूर्वी तिचा घसा आला होता का, हे कोणी विचारत नाही. त्या घशातल्या जंतूंमुळे संधिवाताचा ताप येतो, त्यात हात आपल्या मनाने हलू लागतात आणि हृदयाच्या झडपाही खराब होऊ शकतात. तिला पेनिसिलिनची इंजेक्शनं वर्षानुवर्षं लागतात.

आणि 'घरात कोणालाच नाही' हे दर वेळी खरं असतंच असं नाही. विल्सनच्या आजारात शरीरात, मेंदूतही, तांबं साठतं. आईवडील दोघंही ठणठणीत, पण दोघांकडून एकेक सदोष जनुक आलेलं असतं. औषधाने ते तांबं बाहेर काढता येतं. हंटिंग्टनचा आजार हा मेंदूचा, पिढीजात येणारा. त्याचं जनुक 1993 साली सापडलं. त्या जनुकाच्या लिपीतली तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, आणि ही पुनरावृत्ती बापाकडून मुलाकडे येताना वाढू शकते. कधी बापाला काहीच नसतं, मुलाला आजार होतो. कधी वडील लक्षणं दिसण्याआधीच गेलेले असतात.

(दृश्य: पुन्हा टेबल.)

डॉक्टरांनी कॅप्सूलच्या पाकिटावर एका नावाखाली पेनाने रेघ ओढली. काकूंच्या मुलाने मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढला. यापुढे कोणताही डॉक्टर असो, आधी तो दाखवायचा.