मैदानाच्या कडेला बसलेलं मूल

(दृश्य: खेळाचा तास. सगळी मुलं पळतायत, एक कठड्यावर बसलंय.)

का बसलास, असं विचारलं तर म्हणतं, "मला नाही आवडत पळायला." शिक्षकांना पटतं, घरच्यांनाही पटतं. पळालं की छाती आवळते, हे त्याला सांगता येत नाही. सगळ्यांचंच असं होत असेल, असं त्याला वाटतं. आठव्या-नवव्या वर्षी तुलना तरी कशाशी करणार?

शाळेतली दम्याची तपासणी अशा मुलासाठी असते. ती सुरू होते एका कागदाने.

(दृश्य: प्रश्नावली, वर पेनाचं टोक.)

"गेल्या १२ महिन्यांत मुलाच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज आला का? सर्दी नसताना रात्री कोरडा खोकला येतो का?" १९९१ मध्ये सुरू झालेल्या 'आयझॅक' या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने असेच प्रश्न ६-७ वर्षांच्या मुलांच्या पालकांना आणि १३-१४ वर्षांच्या मुलांना विचारले. प्रश्न सोपे, शब्द मात्र फसवे. मराठीतच बघा. 'घरघर' वाचलं की आई दचकते. घरघर लागते ती शेवटच्या घटकेला! ती ठामपणे 'नाही'वर खूण करते. 'सूं-सूं आवाज' विचारलं असतं, तर कदाचित 'हो' आलं असतं. ही अडचण इतर भाषांतही आहेच. म्हणून आयझॅकने मोठ्या मुलांसाठी चित्रफीत केली: दम लागलेली माणसं दाखवायची आणि विचारायचं, तुझं असं कधी होतं का?

(दृश्य, जवळून: मूल तळहाताने नाक खालून वर घासतं.)

हे पाहिलंत? दिवसभर असंच चालू राहिलं की नाकावर एक बारीक आडवी रेघ उमटते. डोळ्यांखाली काळसर छटा, नाक चोंदलेलं, म्हणून तोंड उघडं. ॲलर्जीचं नाक आणि दमा पुष्कळदा एकाच मुलाच्या वाट्याला येतात.

(दृश्य: पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरीचा जोर मोजणारी नळी.)

आता फुंकर. उभं राहायचं, छाती भरून श्वास घ्यायचा, नळी ओठांत घट्ट धरायची आणि एका झटक्यात सोडायचा. तीनदा. त्यातला सर्वांत मोठा आकडा धरायचा. जीभ नळीच्या तोंडाशी आली किंवा पठ्ठ्या हसत सुटला, की आकडा पडतो; दोष फुप्फुसाचा नसतो.

मग ६ मिनिटं पळणं. जोरात पळताना तोंडाने ओढलेली हवा श्वासनलिका कोरड्या पाडते. दमा असेल तर त्या आकसतात, आणि बहुधा थांबल्यानंतर. म्हणून पळून झाल्यावर ५, १० आणि १५ मिनिटांनी पुन्हा फुंकर. समजा, आधी आकडा २८० होता (मिनिटाला लिटर), नंतर २३०. म्हणजे जवळजवळ १८ टक्के घट. घट १५ टक्क्यांच्या पुढे गेली की नाव परिचारिकेच्या वहीत.

पण वहीत नाव आलं म्हणजे दमा झाला, असं नाही. ते डॉक्टर ठरवतील: स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकरीतली हवा किती आणि किती वेगाने येते याची यंत्रावरची मोजणी, करून, श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध देऊन, पुन्हा मोजून. ॲलर्जीची त्वचेवरची चाचणी, म्हणजे संशय असलेल्या पदार्थाचा थेंब ठेवून हलकेच टोचणं, हीही दवाखान्यातच बरी. क्वचित तीव्र रिॲक्शन येऊ शकते, आणि ती सावरायची तयारी हाताशी लागते. १५ मिनिटांनी ३ मिलिमीटरची गांधी उठली, तरी त्या पदार्थाने त्रास होतोच असं नाही. त्रासाचा इतिहासही जुळावा लागतो. नुसत्या गांधीवरून मुलाचं खाणं बंद करणं हा निव्वळ अन्याय.

शाळाशाळांतून अशी सरसकट तपासणी करावी का, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. अमेरिकन थोरॅसिक सोसायटी या फुप्फुसविकारतज्ज्ञांच्या संस्थेच्या २००७ च्या अहवालाने तशी शिफारस केली नाही. मूल शोधून काढलं, पण पुढे डॉक्टर नाही, औषध नाही, तर साधलं काय? आक्षेप रास्त आहे. मला तर तपासणीतली सर्वांत कच्ची जागा दप्तरात दिसते. पालकांना दिलेली चिठ्ठी तिथे वह्यांखाली चुरगळून पडते.

(दृश्य: परिचारिकेची वही.)

म्हणून या वहीत शेवटी एक रकाना आखलाय: 'डॉक्टरांना दाखवलं का?' तीन नावांपुढे तो अजून कोरा आहे. परिचारिका फोन उचलते. पहिल्या घरी कोणी घेत नाही. ती नावापुढे टिंब देते, आणि दुसरा नंबर फिरवते.