रोमच्या रस्त्यांवरची भूमिती

नोव्हेंबर १८९२. फेदेरिगो एन्रिकेस हा २१ वर्षांचा तरुण बैजिक भूमिती, म्हणजे समीकरणांतून उभ्या राहणाऱ्या आकारांचं गणित, शिकायला रोममध्ये आला आणि त्याने ग्वीदो कास्तेलनुओव्हो यांना गाठलं. मूळचे व्हेनिसचे कास्तेलनुओव्हो तेव्हा स्वतःच जेमतेम २७ वर्षांचे, विद्यापीठात नुकतेच प्राध्यापक झालेले. चार पुस्तकं हातावर ठेवून मोकळं व्हावं, तर एन्रिकेसचं वाचन यथातथाच! पानावर काय छापलंय यापेक्षा स्वतःच्या डोक्यात काय चाललंय, तेच त्याला दिसायचं. हे पुढे कास्तेलनुओव्हो यांनीच लिहून ठेवलंय. मग त्यांनी बोलून शिकवायचं ठरवलं. रोमच्या रस्त्यांवर न संपणारी पायपीट, आणि विषय एकच.

समीकरणांतून उभे राहणारे पृष्ठभाग. गोल आणि शंकू हे त्यातले अगदी साधे. बाकीच्यांचा पसारा अफाट. त्यांची वर्गवारी लावायची कशी? दोघांनी कल्पनेतच काचेची दोन कपाटं मांडली. एकात गुणी पृष्ठभाग, सगळं सुरळीत. दुसऱ्यात हट्टी, जिथे शंका आणि विसंगतींशिवाय काही हाती लागेना. एखादा नियम सुचला की तो या नमुन्यांवर ताडून पाहायचा. टिकला, तर सिद्धतेच्या मागे लागायचं. खरा घाम तिथे. ही हकिकत कास्तेलनुओव्हो यांनी १९२८ साली बोलोन्याच्या गणित परिषदेत सांगितली. पुढे या इटालियन परंपरेवर ढिसाळ सिद्धतांचा ठपका आला, आणि तो अगदीच खोटा नव्हता. पृष्ठभागांच्या वर्गवारीतला कास्तेलनुओव्हो यांच्या नावाचा निकष मात्र आजही शिकवला जातो.

दरम्यान १८९६ मध्ये त्यांनी एन्रिकेसच्या बहिणीशी, एल्बिनाशी, लग्न केलं. शिष्य मेहुणा झाला.

१९३८ साली मुसोलिनीच्या राजवटीने वंशभेदाचे कायदे आणले. ज्यू प्राध्यापकांच्या नोकऱ्या गेल्या, एन्रिकेसचीही. ज्यू मुलांना विद्यापीठात नव्याने प्रवेश मिळेना. कास्तेलनुओव्हो तर १९३५ मध्येच निवृत्त झालेले. स्वस्थ बसले असते, तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण १९४१ मध्ये, पंच्याहत्तरी उलटल्यावर, त्यांनी रोममध्ये या मुलांसाठी गुपचूप वर्ग उभे केले. कागदोपत्री मुलं स्वित्झर्लंडमधल्या फ्रायबुर्गच्या एका संस्थेची विद्यार्थी. शिकत होती रोममध्येच. सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन फौजा शहरात शिरल्या आणि खुद्द कास्तेलनुओव्होंनाच लपून राहावं लागलं.

रोम मुक्त झाल्यावर या मुलांचं शिक्षण ग्राह्य धरलं गेलं. कास्तेलनुओव्हो लिन्चेई या इटलीच्या नामांकित विद्वत्-अकादमीचे अध्यक्ष झाले, आणि १९४९ मध्ये इटलीने त्यांना तहहयात सेनेटर नेमलं. तेव्हा ते ८४ वर्षांचे होते.