माळावरच्या छत्र्या ओळखताना

श्रोतेहो, नमस्कार.

भूछत्रं बघायची तर कोकणात जावं, महाबळेश्वरला जावं, सोलापूरच्या उन्हात काय डोंबल मिळणार, असं बरेच जण म्हणतात. मला हे पटत नाही. आपल्याकडे पाऊस कमी, हे खरं. पण भाद्रपदात एखादी चांगली झड लागून जाते, मागोमाग दोन-तीन दिवस ढगाळ राहतात, हवेत ओल टिकते. अशा वेळी सकाळी लवकर निघा. नान्नजच्या माळढोक अभयारण्याचा माळ असो, हिप्परग्याच्या तलावाचा काठ असो, नाहीतर तुमच्याच शेताचा बांध. मान खाली घालून सावकाश चाला. छत्र्या दिसतातच.

दिसल्यावर पहिली नजर जाते ती रंगावर, आणि फसगत होते ती तिथेच. एकच छत्री पहाटे पांढरी असते, उन्हानं दुपारपर्यंत तपकिरी पडते, पावसानं धुतली की फिकटते. म्हणून मी आधी एकच विचारतो : ही काय खाऊन उभी आहे? बुरशीला झाडासारखं उन्हात स्वतःचं अन्न बनवता येत नाही. तिचं खरं अंग म्हणजे मातीत, लाकडात, शेणात पसरलेले बारीक तंतू. वर दिसतं ते फक्त फळ. ते कशावर आलंय हे नीट पाहिलं, की निम्मी ओळख पटली म्हणून समजा.

वारुळापासून सुरुवात करा. आपल्या माळरानाचं खरं वैभव तिथे आहे. वारुळावर कधी कधी वीतभर उंचीची, पांढुरकी, अंगावर खवले असलेली, मिटलेल्या छत्रीसारखी एक बुरशी उभी असते. शास्त्रीय नाव पोडॅक्सिस. ती जगभर कोरड्या मुलखात सापडते, म्हणजे आपला मुलूख तिच्या मानवणीचा. ही छत्री कधीच उघडत नाही. चाकूनं तिला वरून खाली उभी चिरून बघा : देठ टोपीच्या आतून थेट शेंड्यापर्यंत गेलेला दिसतो. कोवळी असेल तर आतला गर पांढरा, जून झाली की त्याचीच काळपट भुकटी. ती भुकटी म्हणजे तिचे बीजाणू. पुढे टोपीची खालची कड फाटते आणि उरलेलं काम वारा करतो.

वारुळाशी नातं असलेली दुसरी बुरशी म्हणजे टर्मिटोमायसिस, कोकणात आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात लोक आवडीनं खातात ती अळंबी. हिची गोष्ट मला फार मोठी वाटते. वाळवी वाळलेलं गवत, पालापाचोळा, लाकडाचा भुसा पोटातून काढून वारुळात पोळं बांधते आणि त्यावर ही बुरशी वाढवते. बुरशी तो कठीण चोथा पचायला सोपा करते आणि वाळवी तेच खाते. माणसानं शेती सुरू करण्याच्या कोट्यवधी वर्षं आधीपासून हे चाललंय. या अळंबीच्या टोपीच्या मधोमध टोकदार उंचवटा असतो आणि देठ खाली मुळासारखा लांबच लांब जातो. हलक्या हातानं खणत गेलात तर तो वाळवीच्या पोळ्यापर्यंत पोचतो. वरच्या वर तोडली तर ही खूण जमिनीतच राहते. म्हणून कुठलीही छत्री ओळखायची असेल तर बुडखा शाबूत ठेवून काढावी. अभयारण्याच्या हद्दीत मात्र काहीही उपटायचं नाही. तिथे बघायचं, फोटो काढायचा आणि पुढे जायचं.

उकिरड्यावर आणि गुरांच्या शेणावर नाजूक, करड्या छत्र्या येतात. त्यांतल्या काहींची टोपी काही तासांत विरघळते आणि शाईसारखी काळी गळू लागते. दुपारी गेलात तर नुसते देठ सापडतील. त्यांचे बीजाणू गवताला चिकटतात, गवताबरोबर जनावराच्या पोटात जातात आणि शेणातून पुन्हा बाहेर येतात.

आता जरा कान देऊन ऐका. पावसानंतर बागेतल्या हिरवळीवर, शाळेच्या मैदानावर, गायरानात मोठ्या पांढऱ्या छत्र्या गोलाकार उगवतात, जणू वारीतलं रिंगण. जमिनीखालचे तंतू मधल्या एका ठिकाणापासून चारी बाजूंनी सारखे पसरतात आणि फळं येतात कडेला, म्हणून हा गोल. या छत्र्या तळहाताहून मोठ्या, टोपीवर तपकिरी खवले, देठाला सैल कडं. दिसायला इतक्या देखण्या की कुणालाही वाटावं, भाजी करावी. यांत एक विषारी जात असते, क्लोरोफायलम मोलिब्डायटिस. खाल्ल्यावर काही तासांतच जोराच्या उलट्या आणि जुलाब सुरू होतात. कोवळेपणी तिच्या टोपीखालच्या पातळ पट्ट्या पांढऱ्याशुभ्र असतात, त्यामुळे संशयच येत नाही. जून झाल्यावर त्या हिरवट पडतात.

तिला ओळखायचा उपाय घरात करता येतो. देठ कापून टोपी, पट्ट्या खाली करून, कागदावर ठेवा. कागद अर्धा पांढरा, अर्धा काळा घ्या, म्हणजे फिका आणि गडद दोन्ही रंग उठून दिसतात. वर वाटी झाकून रात्रभर राहू द्या. सकाळी टोपी उचलली की बीजाणूंचा ठसा उमटलेला असतो. या विषारी छत्रीचा ठसा हिरवट येतो. वारुळाच्या अळंबीचा गुलाबीसर येतो, बाजारातल्या बटण मशरूमच्या कुळाचा चॉकलेटी. मुलांना हा प्रयोग जरूर करायला लावा, मात्र हात साबणानं धुवायला सांगा.

ठसा जुळला म्हणजे खायला हरकत नाही, असा अर्थ कुणी काढू नका. मी रानातली कुठलीही छत्री खाण्यासाठी आणत नाही आणि तुम्हालाही तेच कळकळीनं सांगतो. चांदीचा चमचा काळा पडला नाही, लसूण काळवंडला नाही, किड्यांनी खाल्ली म्हणजे चालते, उकळली की विष जातं, हे सगळं खोटं आहे. सगळ्यांत घातक छत्र्यांमधलं विष उकळूनही जात नाही. त्याची लक्षणं सहा तासांनी, कधी बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतात. उलट्या-जुलाब होतात, मग एखादा दिवस बरं वाटतं आणि त्याच वेळी आत यकृत निकामी होत असतं. म्हणून घरात कुणी अशी छत्री खाल्ली असेल तर लक्षणांची वाट बघू नका. १०८ला फोन करा, तडक दवाखाना गाठा आणि उरलेली छत्री कागदात गुंडाळून सोबत न्या. प्लास्टिकच्या पिशवीत ती सडते, मग डॉक्टरांना काही कळत नाही. मोबाईलमधल्या ॲपनं नाव सांगितलं, एवढ्यावर तर मुळीच विसंबू नका.

झाडांवरही बघा. वाळलेल्या फांदीवर नखाएवढे पांढरे, लोकरीसारखे पंखे दिसतात, ते शायझोफायलम. उलटून पाहिलंत तर खालची प्रत्येक पट्टी कडेला मधोमध चिरलेली असते. उन्हाळ्यात त्या पट्ट्या आत वळून मिटतात. असा वाळका पंखा ओल्या फडक्यावर ठेवला, तर पाणी पिऊन त्या पुन्हा उघडतात.

शेतकरी श्रोत्यांनी एक बुरशी तर नक्कीच पाहिली असेल, ज्वारीची काणी. कणसात दाण्याच्या जागी राखाडी पांढरट, लांबट पिशव्या येतात, बोटानं दाबली की काळी भुकटी उडते. मळणीत हीच भुकटी चांगल्या दाण्यांवर बसते आणि पुढच्या पेरणीबरोबर रानात जाते. तिचं ठाणं दाण्याच्या वरच्या सालीवर असतं, त्यामुळे उपायही सोपा आहे. ३०० मेश, म्हणजे अगदी बारीक दळलेलं गंधक, किलोभर बियाण्याला ४ ग्रॅम, पेरणीआधी नीट चोळायचं. आणि काणीचं कणीस दिसलं की त्यावर हळूच पिशवी चढवून कापा, भुकटी उडू देऊ नका, आणि जाळून टाका.

नमस्कार.