वरसईच्या भटजींची वही

[दृश्य: भातखाचरं, गावाबाहेर जाणारी वाट]

हे पेण तालुक्यातलं वरसई. 1857 सालच्या उन्हाळ्याच्या तोंडावर या गावातून दोन माणसं उत्तरेकडे निघाली. विष्णुभट गोडसे, तिशीच्या घरातले, आणि सोबत त्यांचे चुलते रामभट. घरावर कर्ज होतं. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळणार, ही खबर कोकणात येऊन पोचली होती. चार पैसे गाठीला बांधावे, कर्ज फेडावं, जमलं तर काशी घडावी. घरातून निघताना मनात एवढाच हिशेब होता.

[दृश्य: मोडी अक्षरांच्या ओळी, अगदी जवळून]

त्या प्रवासाची हकीकत भटजींनी स्वतःच्या हातानं लिहून ठेवली, मोडीत. ही अक्षरं नीट पाहा. आधी पानभर आडवी शिरोरेघ ओढायची आणि मग तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता लिहीत जायचं. ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हं नाहीत. वाक्य कुठं संपलं ते वाचणाऱ्यानं अर्थावरून ओळखायचं. मोठ्यानं वाचलं की ते पटकन उलगडतं, कारण ही बोलणाऱ्या माणसाची भाषा आहे. ओसरीवर बसून यजमानाला हकीकत सांगावी, तशीच ती कागदावर उतरली आहे.

लिहिली मात्र जवळजवळ पंचवीस वर्षांनी. चिंतामण विनायक वैद्य, पुढे भारताचार्य म्हणून महाराष्ट्राला माहीत झालेले, तेव्हा ऐन तरुण होते. वैद्यांच्या घराशी भटजींचा जुना घरोबा. तुम्ही पाहिलंत ते सगळं लिहून काढा, असा आग्रह वैद्यांनी धरला आणि 1883च्या सुमाराला ही वही तयार झाली. इतक्या वर्षांनंतर आठवणीवर विसंबून लिहिताना तिथी-वार इकडचे तिकडे झाले आहेत. जिथं भटजी गेले नाहीत, तिथल्या गोष्टी कानावर आल्या तशा आल्या आहेत. पण जिथं ते स्वतः उभे होते, तिथली त्यांची नजर विलक्षण पक्की आहे. म्हणून ही वही वाचताना कानावरचं आणि डोळ्यांनी पाहिलेलं वेगळं करत जावं लागतं.

[दृश्य: माळव्यातला रस्ता, संध्याकाळ]

महूच्या आसपास त्यांना शिपाई भेटले. काडतुसांची हकीकत भटजींनी त्यांच्या तोंडून ऐकली. पुढे आग पेटणार हे कळूनही दोघं मागे फिरले नाहीत. मग उज्जैन, धार, ग्वाल्हेर करत झाशी.

[दृश्य: झाशीचा किल्ला, तट, बुरूज]

झाशीत त्यांना राणी लक्ष्मीबाईंचा आश्रय मिळाला. राणींचा दिनक्रम इथं आहे: व्यायाम, पूजा, दरबार, पोशाख, घोड्यांची पारख. आपल्या मनातली राणी घोड्यावर स्वार झालेली, तलवार उपसलेली. भटजींची राणी घरात वावरते, माणसांशी बोलते. इतकं जवळून मराठीत तिच्याबद्दल सांगणारा दुसरा साक्षीदार मला माहीत नाही.

मार्च 1858मध्ये सर ह्यू रोजच्या फौजेनं शहराला वेढा घातला. एप्रिलच्या सुरुवातीला फौज तट ओलांडून आत शिरली. भटजी तेव्हा शहरातच होते, जीव मुठीत धरून लपलेले. कत्तलीचं वर्णन त्यांनी केलं आहेच. त्याशिवाय लुटीचा क्रमही त्यांच्या लक्षात राहिला: आधी सोनं-चांदी, मग तांब्या-पितळेची भांडी, कापड, धान्य. आणि झाशीच्या पुस्तकालयाचा नाश. स्वतः लुटला गेलेला हा माणूस पोथ्यांसाठी हळहळतो.

[दृश्य: शेतातली विहीर, पहाट]

पुढे काल्पीच्या वाटेवर राणी पुन्हा भेटल्या. पठाणी वेश, अंगावर धूळ, घसा कोरडा. भटजी विहिरीचं पाणी शेंदून द्यायला पुढे झाले, तर राणींनी त्यांना थांबवलं. तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी पाणी शेंदू नये, असं म्हणून त्यांनी स्वतः पाणी काढलं आणि ओंजळीनं प्यायल्या. दरबारी कागदपत्रांत असा प्रसंग यायचा नाही. तो टिपायला वाटेवरचा भिक्षुकच लागतो.

[दृश्य: काशी, घाट, नावा]

चित्रकूट, काशी, अयोध्या. सत्तावन्नची धामधूम आजूबाजूला चालू असताना भटजींनी यात्रा पुरी केली. गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते वरसईला परतले आणि त्या पाण्यानं आईवडिलांना स्नान घातलं. ज्या दक्षिणेसाठी निघाले, तिच्यातलं बरंचसं वाटेत लुटलं गेलं होतं.

[दृश्य: छापील पानं, शेजारी मोडी पान]

भटजींच्या हयातीत ही वही छापली गेली नाही. वैद्यांनी ती 1907मध्ये ‘माझा प्रवास’ या नावानं प्रसिद्ध केली, पण भाषा बदलून, काही गाळून, काही घालून. पिढ्यान् पिढ्या आपण तीच वाचली. एक गोष्ट वैद्यांची मानलीच पाहिजे: त्यांनी मूळ कागद फेकले नाहीत. ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे आले आणि दत्तो वामन पोतदारांनी 1966मध्ये मूळ संहिता छापली.

[दृश्य: मोडीवरून फिरणारं वाचणाऱ्याचं बोट]

भटजी वाचायचे तर त्या संहितेत वाचा. आणि घरच्या माळ्यावर आजोबा-पणजोबांचं मोडी बाड असेल, तर ते रद्दीत घालण्याआधी मोडी जाणणाऱ्या माणसाला दाखवा. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं. अक्षरं ओळखीची झाली की पुढचं वाचन सवयीनं येतं.