गेंड्याच्या उशाशी

नमस्कार श्रोतेहो.

तेहतीस वर्षं मी परिचारिका म्हणून नोकरी केली. निवृत्त झाल्यावर दोन आठवडे, स्वतःच्या खर्चाने, दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताळ प्रांतात गेंड्यांच्या राखणीच्या कामाला गेले. तिथली एक सकाळ मला तुम्हाला सांगायची आहे. पण त्याआधी थोडं शिंगाबद्दल बोलावं लागेल, नाहीतर ती सकाळ कळायची नाही.

गेंड्याच्या शिंगात हाड नसतं. आपली नखं आणि केस ज्या केराटिनचे बनतात, त्याचंच ते शिंग. म्हणजे नखच. पुन्हा सांगते, नख. मुळापासून नीट अंतर राखून कापलं तर दुखत नाही आणि परत वाढतं. या नखाला औषध समजून, श्रीमंतीची खूण समजून व्हिएतनाम आणि चीनमध्ये चोरट्या बाजारात अफाट पैसा मोजला जातो. दक्षिण आफ्रिकेत २००७ साली शिकाऱ्यांनी १३ गेंडे मारले. तेरा. आणि २०१४ साली? १,२१५. आता आकडा उतरलाय, तरी २०२४ मध्ये ४२० गेले. दिवसाला एकाहून जास्त.

आणि हे कुठल्या प्राण्याचं चाललंय, तर जो एकदा मरणाच्या दारातून परत आलाय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेकडचे पांढरे गेंडे शंभरसुद्धा उरले नव्हते. जे उरले ते याच प्रांतात, इम्फोलोझी नदीच्या खोऱ्यात. १८९५ साली ते रान राखीव केलं. पुढे १९६० च्या दशकात वनाधिकारी इयन प्लेयर आणि त्यांना रान शिकवणारे झुलू वनरक्षक मागकुबू न्तोम्बेला यांच्या चमूने इथून गेंडे पकडून दुसऱ्या जंगलांत नेऊन सोडले. आज आफ्रिकेत पंधरा हजारांवर पांढरे गेंडे आहेत, ते जवळजवळ सगळे त्या मूठभरांचा वंश. न्तोम्बेलांचं नाव आपल्याकडे कुणी घेत नाही. मी मुद्दाम घेते.

तर शिकाऱ्याने शिंगासाठी जीव घ्यायच्या आधी रानवाल्यांनीच शिंग कापून ठेवायचं, असा हा उपाय. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या आसपासच्या राखीव रानांत तो केला, तिथे शिकार ७८ टक्क्यांनी घटली.

स्वयंसेवकाचं काम मात्र रोज गेंड्याजवळचं नसतं. कुंपणाच्या कडेने चालत तारेचे फासे शोधायचे, पाणवठ्यावर बसून नोंदी करायच्या आणि तण उपटायचं. तण कुठलं, तर आपली रानमोडी! आपल्या सह्याद्रीत माजलीय तीच. तिथेही ती बाहेरून आलेली आणि तिथेही गवत खाऊन बसलेली. पांढरा गेंडा जगतो गवतावर. म्हणून रानमोडी मुळासकट उपटायची. पहिले चार दिवस मी दुसरं काही केलं नाही, आणि तेही गेंड्याचंच काम होतं.

जायचं मनात असेल तर एक ऐका. सिंहाचे बछडे मांडीवर देऊन फोटो काढू देतात, अशा ठिकाणी एक रुपया देऊ नका. ते बछडे मोठे झाले की पुष्कळदा कुंपणातल्या शिकारीसाठी विकले जातात. आपले पैसे कुठे जातात ते आधी विचारा.

आता ती सकाळ.

जुलै महिना, म्हणजे तिकडची थंडी. पहाटे साडेपाचला निघालो. गेंड्याला भूल द्यायची ती गारव्यातच, कारण उन्हात त्याचं अंग तापतं आणि तो दगावू शकतो. हेलिकॉप्टरमधून पशुवैद्यांनी एका मादीला डार्ट मारला आणि तिच्या पिल्लाला दुसरा. औषध एटॉर्फिन, मॉर्फिनच्या हजार पटींहून जहाल. माणसाच्या अंगात चुकून थेंब गेला तरी जीव जाऊ शकतो, म्हणून माणसाचा उतारा हाताशी ठेवूनच डार्ट भरतात.

मादी अडखळत अडखळत एका काटेरी झाडापाशी बसली. आपल्या बोरीच्या जातीतलं झाड, एक काटा सरळ आणि एक आकड्यासारखा. आफ्रिकान्स भाषेत त्याचं नावच 'थांब जरा'. आम्ही धावलो. डोळ्यांवर पट्टी बांधली, कानांत कापूस भरलेले मोजे घातले. पशुवैद्य माझ्याकडे वळून म्हणाले, "सिस्टर, तुम्ही नाकाशी बसा. श्वास मोजा आणि मोठ्याने सांगा."

तिकडेही परिचारिकेला सिस्टरच म्हणतात. तो शब्द कानावर आला आणि मी ड्यूटीवर रुजू झाले.

माझ्या मनगटावर सेकंदकाट्याचं जुनं घड्याळ होतं.   

तर तळवा तिच्या नाकपुडीसमोर धरला. श्वास गरम, ओलसर, वाळल्या गवताच्या वासाचा. पहिल्या मिनिटाला सात. मग सहा. मागे करवत सुरू झाली. यंत्राची करवत, कानठळ्या बसवणारी. केस जळल्यासारखा वास सुटला. शिंगाचा चुरा खवलेल्या खोबऱ्यासारखा आमच्या अंगावर उडत होता. तोही कणन् कण ताडपत्रीवर गोळा करायचा, कारण त्यालाही चोर आहेत. तेवढ्यात तिच्या कानातला मोजा निसटला आणि कान थरथरला. मी डावा हात कानावर दाबून धरला, उजवा नाकाशीच. कानामागची कातडी इतकी मऊ आणि ऊन, की मी दचकले. आपण निर्ढावलेल्या माणसाला गेंड्याच्या कातडीचा म्हणतो. मी तेव्हापासून ते म्हणणं सोडलंय.

आणि पुढच्या मिनिटाला चार. मी ओरडले, "चार!"

करवत थांबली. पशुवैद्यांनी कानाच्या शिरेतून दुसरं औषध दिलं. एकाने नाकपुडीत प्राणवायूची नळी सरकवली, दोघांनी अंगावर पाणी ओतलं. बाकीचे खांदा लावून तिला हलवत राहिले. दीड टनाचं धूड एकाच कुशीवर राहिलं तर पायातलं रक्त अडतं. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस बदलतो, तसंच हे. वॉर्डात काय आणि रानात काय, हात तेच करतात. मी काट्यावर नजर ठेवून बसले. पाच. पुन्हा पाच. मग सात. "सात!" म्हणताना माझा आवाज फुटला, हे खरं आहे.

उरलेलं शिंग कापलं, खुंट घासून गोल केला. केसांचा आणि रक्ताचा नमुना पिशवीत गेला. असे नमुने प्रिटोरियाजवळ ओंडरस्टपोर्टच्या प्रयोगशाळेत जातात. पुढे कुठे चोरीचं शिंग सापडलं तर कुठल्या गेंड्याचं ते तिथे कळतं. पिल्लाच्या कानाला ओळखीची खाच पाडली. मोजे काढले, पट्टी सोडली, आम्ही गाडीत चढलो आणि पशुवैद्यांनी उतारा टोचला.

मिनिट गेलं, दीड मिनिट गेलं. ती उठली, फुरफुरली आणि मान फिरवून पिल्लाचा वास घेतला. पांढऱ्या गेंड्याचं पिल्लू आईच्या पुढे चालतं, काळ्याचं मागे. हेही पुढे झालं आणि दोघं उंच गवतात शिरली.

दीड-दोन वर्षांत ते शिंग पुन्हा वाढतं. म्हणजे आता लवकरच एखाद्या थंड पहाटे पुन्हा डार्ट, पुन्हा पट्टी, आणि तिच्या नाकाशी घड्याळ घेऊन बसलेलं कुणीतरी.

नमस्कार.