शिंगराच्या तोंडात लगाम घालायच्या आधी

खटाव तालुका. सकाळचे सात वाजलेत, ऊन अजून कोवळं आहे, आणि गोठ्याच्या कडेला बांधलेला हा कुमैत घोडा घमेल्यातनं चंदी खातोय. त्याच्या पायाजवळ बघा. भरडा सांडलाय, आणि ते गवताचे ओले वळकट गोळे दिसतायत ना, ते त्यानं चघळून चघळून टाकलेत. मालक म्हणतात नखरे करतो, चंदी आवडत नाही त्याला. माझ्या पहिल्या घोडीच्या वेळी मी पण हेच म्हणायचो आणि भोगलं तिनं, ते पुढं सांगतो.

दात बघायची सवय आपल्याकडं सगळ्यांनाच आहे. पुसेगावच्या नाहीतर खरसुंडीच्या बाजारात खोंड घ्यायला गेलेला माणूस आधी ओठ वर करतो, आदत आहे (सगळे दुधाचेच दात), दुसा आहे (दोन पक्के), चौसा आहे (चार पक्के), लगेच सांगतो. घोड्याचं पण तसंच, मधले दुधाचे दात अडीच वर्षाला पडतात, शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला, त्यावरनं वय निघतं आणि वयावरनं किंमत. पण हा सगळा हिशोब पुढच्या दातांचा. घोडा चावतो मागच्या दाढांनी, लगामाची कडी बसते ती पुढचे दात आणि दाढा यांच्या मधल्या मोकळ्या हिरडीवर, आणि तिथं आत बघणारा माणूस मला तरी सातारा-सांगलीत फार कमी भेटला.

आता खरी अडचण काय होते बघा. दुधाचे दात एकूण 24. ते सगळेच्या सगळे साधारण अडीच ते साडेचार वर्षांच्या मधे पडून नवे येतात, आणि त्याच वेळी मागं नव्या दाढा पण फुटत असतात. आणि आपण शिंगरू बसायला कधी काढतो? तिसऱ्या वर्षात. म्हणजे तोंडात सगळ्यात जास्त उलथापालथ चालू असते नेमकी तेव्हाच आपण त्यात लोखंड घालतो, आणि मग त्यानं मान झटकली की म्हणतो घोडा तोंडाचा कडक आहे.

डॉक्टर आलेत. शिरवळच्या वेटरनरी कॉलेजात शिकलेले आहेत, बॅटरी कपाळाला लावलीय, आधी गुंगीचं इंजेक्शन दिलं, पाच-दहा मिनिटांत मान खाली आली, मग तोंड उघडं धरायचा स्पेक्युलम चढवला. बिनगुंगीचं आत हात घालायचं धाडस कोणी करू नका, तीन वर्षांच्या घोड्याची दाढ बोट तोडते.

हा बघा, वरच्या पहिल्या मोठ्या दाढेच्या पुढं तांदळापेक्षा जरा मोठा, टोकदार. हा वुल्फ टूथ. साधारण सहा महिने ते दीड वर्षाच्या शिंगराला येतो, बहुतेक वरच्याच जबड्यात, सगळ्यांना येतोच असं नाही, आणि खायला त्याचा उपयोग काहीच नाही. लगाम ओढला की गालाचं आतलं कातडं कडी आणि या दाताच्या मधे दाबलं जातं. कधी तो हिरडीच्या आतच राहतो, दिसत नाही, बोटाला फक्त गाठ लागते आणि तो जास्त दुखतो.

माझ्या घोडीला हाच होता. ती उजवीकडं वळायचीच नाही, रास धरली की मान वर, आणि जाणत्या म्हणवणाऱ्या एकानं सांगितलं काटेरी लगाम घाल, मी घातला. वर्षभर घातला. नंतर एका डॉक्टरांनी तोंड उघडून दाखवलं तेव्हा आत गालाला जुनी जखम होती, तिच्यावर नवी जखम, आणि मी तिला वर्षभर हट्टी म्हणत होतो. अजून ते आठवलं की पोटात कालवतं.

म्हणून हात जोडून सांगतो, हा दात घरी पक्कडीनं उपटू नका. मूळ मोडून आत राहतं, आणि टाळूतनं मोठी रक्तवाहिनी जवळनंच जाते, हत्यार सटकलं तर रक्त थांबता थांबत नाही. धनुर्वाताची लस पण आधी द्यायची, घोड्याला धनुर्वात फार लवकर धरतो.

आता गोळे का टाकतोय ते बघू. वरच्या दुसऱ्या दाढेवर दुधाच्या दाढेची टोपी अडकलीय, डॉक्टर कॅप म्हणतात, खालनं नवी दाढ ढकलतीय आणि ही सुटत नाही, हिरडीत टोचतीय. ही हलत होती म्हणून सहज निघाली. घट्ट असेल तर ओढायची नाही, नवी दाढ कोवळी असते. खालच्या जबड्याला बाहेरनं हे टेंगूळ दिसतंय ते दाढ फुटतानाचं, या वयात दोन्ही बाजूला सारखं असेल आणि हात लावल्यावर दुखत नसेल तर घाबरायचं कारण नाही.

शेवटी कानस, म्हणजे दाढांची वाढलेली धार घासून काढायची. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद, त्यामुळं वरच्या दाढांना गालाकडनं धार येते, खालच्यांना जिभेकडनं. दात वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वर सरकत राहतो आणि झिजत राहतो. दिवसभर मान खाली घालून रानात चरणारा घोडा रुंद चावतो, तो बराच सारखा झिजतो. धनगरांच्या मेंढरांबरोबर रानोमाळ फिरणारं भीमथडी तट्टू तसं चरतं. खुंटीला बांधून भरडा खाणारा तेवढा रुंद चावत नाही, त्याची धार लवकर वाढते. महाबळेश्वर-पाचगणीला सवारीला जाणारे, वरातीत नाचणारे, बरेचसे बांधलेलेच, आणि त्यांच्याच तोंडात तासन्‌तास लगाम असतो.

फक्त धार काढली, दाढ सपाट नाही केली. सपाट केली तर चावणार कशानं.

मालकांनी विचारलं, मग उद्यापासून लगाम? डॉक्टर म्हणाले दोन आठवडे तरी नाही, वुल्फ टूथ काढला तिथली जखम भरू दे. तोवर नुसती म्होरकी, लांब दोरीवर दोन्ही बाजूला फिरवा, पाठीवर रिकामं खोगीर टाकून सवय करा. मग पाच वर्षांचा होईपर्यंत दर सहा महिन्याला तोंड उघडून बघायचं, कारण अजून चार टोप्या पडायच्यात आणि पुढं सुळे पण येतील, नर आहे.

गुंगी उतरायला तासभर लागला, तोवर पुढ्यात काही ठेवलं नाही. आता लसूणघास टाकलाय. डावीकडनं चावतोय, थांबतोय, परत चावतोय. खाली अजून एकही गोळा पडलेला नाही.